सामन्यात शिरायचं कुठून? ‘बॅटलफिल्ड ३’ने पेटवलेल्या वादाची पार्श्वभूमी

२०११च्या सप्टेंबरअखेरीस ‘बॅटलफिल्ड ३’ या ऑनलाइन युद्धगेमची खुली बीटा चाचणी (गेम बाजारात येण्याआधी सर्वांसाठी खुली असलेली चाचणी) सुरू झाली आणि पीसीवर खेळणारे पहिल्या मिनिटालाच चक्रावले. गेम चालू करायला जावं तर उघडायचा ब्राउझर. ‘बॅटललॉग’ नावाच्या वेबसाइटवर लॉगिन करायचं, सर्व्हरच्या (सामना चालवणाऱ्या कॉम्प्युटरांच्या) यादीतून एक निवडायचा, ‘जॉइन’ दाबायचं, मग ब्राउझरमधलं प्लगइन, म्हणजे त्याला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, गेम सुरू करणार. गेमला स्वतःचा मुख्य मेन्यूच नव्हता. ऑक्टोबरमध्ये पूर्ण गेम आला तेव्हा एकट्याने खेळायची मोहीमसुद्धा त्याच पानावरून सुरू व्हायची. एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन या टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलवर मात्र सगळं नेहमीसारखं, गेमच्या आतच.

यावरून खेळाडूंमध्ये जे वाजलं ते बरीच वर्षं वाजत राहिलं. त्या भांडणात दोन गोष्टींची सरमिसळ झाली होती. एक, सामन्याचं दार गेमच्या आत हवं की बाहेर. दुसरी, आत गेल्यावर कुठे बसायचं, म्हणजे कोणत्या सर्व्हरवर खेळायचं, हे कोण ठरवणार, आपण की कंपनीचं मशीन. ठाणे शहरात बसून खेळणाऱ्याला पहिलीपेक्षा दुसरी गोष्ट कितीतरी जास्त जाचते. ती का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

बाहेरून शिरण्याची पद्धत मुळात जुनीच. १९९३च्या डिसेंबरात आलेल्या ‘डूम’मध्ये चौघं जण लॅनवर (एकाच जागेतल्या, एकमेकांना जोडलेल्या कॉम्प्युटरांवर) खेळू शकत, पण त्यासाठी डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधी वेगळा सेटअप चालवावा लागे. १९९६च्या ‘क्वेक’ने इंटरनेटवरचे सामने रुजवले, तेव्हा सर्व्हरचा पत्ता माहीत असणं हेच मोठं काम होतं. त्यातूनच सर्व्हर शोधून त्यांची यादी दाखवणारे वेगळे प्रोग्रॅम निघाले. ‘क्वेकस्पाय’ त्यातलाच. पुढे त्याचा ‘गेमस्पाय’ झाला आणि कित्येक गेमनी त्याचीच यंत्रणा आपल्या पोटात घेतली. यादी गेमच्या आत आली ती अशी.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ला, व्हीएसएनएलच्या डायलअपवर. मुंबई-ठाणे-नवी मुंबईत एमटीएनएलचं ब्रॉडबँड आलं ते २००५मध्ये. मधली दहा वर्षं आमच्या पिढीने सायबर कॅफेत काढली. नौपाड्यातल्या ज्या कॅफेत मी ‘काउंटर-स्ट्राइक’ शिकलो, तिथे काउंटरवर एक पुठ्ठा टांगलेला असायचा आणि त्यावर स्केचपेनने होस्ट मशीनचा, म्हणजे सामना चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, आयपी पत्ता लिहिलेला असायचा. एस्केपच्या खालचं बटण दाबायचं, कन्सोल (हुकूम टाइप करायची गेममधली खिडकी) उघडायचा, ‘कनेक्ट’ टाइप करायचं आणि पुठ्ठ्याकडे बघत १९२.१६८ पासून पुढचे आकडे टाकायचे. एक टिंब चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तोवर शेजारच्या खुर्चीवरून हाका सुरू: ‘होस्ट कोणाचा?’, ‘डस्ट टू लाव रे!’ कोणासोबत आणि ‘डस्ट टू’सारख्या कुठल्या मॅपवर (रणांगणावर) खेळायचं, हे आमचं आम्ही ठरवत होतो.

घरी ब्रॉडबँड आल्यावर पुठ्ठ्याची जागा सर्व्हरच्या यादीने घेतली. त्या यादीत सर्वांत आधी नजर जायची ती पिंगच्या रकान्यावर. पिंग म्हणजे आपला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. इथे भूगोलाला वळसा घालता येत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद तर जाणारच. लंडन ७,२०० किलोमीटरवर, तिथे ७२. प्रत्यक्षात केबल वाकडीतिकडी जाते, वाटेत दहा ठिकाणी राउटर लागतात, त्यामुळे खरा आकडा याच्या कितीतरी वर. शंभरच्या खालचा सर्व्हर दिसला की आम्ही तो लगेच फेव्हरिट्समध्ये टाकायचो. दोनशेवर गोळी आपण आधी झाडलेली असायची आणि मेलेलेही आपणच असायचो. यादी नसती तर खेळताच आलं नसतं.

दुसरा प्रवाह गेम कन्सोलवरून आला. २००४च्या नोव्हेंबरात ‘हेलो २’ने एक्सबॉक्स लाइव्ह या एक्सबॉक्सच्या ऑनलाइन सेवेवर मॅचमेकिंग लोकप्रिय केलं: खेळाचा प्रकार सांगा, बाकी मशीन बघेल. सोफ्यावर बसून खेळणाऱ्यांना ते मनापासून आवडलं, आणि ते चांगलं होतंही. भडका उडाला २००९मध्ये, ‘मॉडर्न वॉरफेअर २’ या गेमच्या पीसी आवृत्तीतून डेडिकेटेड (फक्त सामने चालवण्यासाठी ठेवलेले) सर्व्हर आणि त्यांची यादी काढून टाकली तेव्हा. त्याऐवजी ‘आयडब्ल्यूनेट’ ही कंपनीची यंत्रणा कोणातरी खेळाडूच्याच मशीनला होस्ट करणार आणि सामन्यात जास्तीत जास्त ९ विरुद्ध ९. विरोधाच्या ऑनलाइन अर्जावर लाखाहून जास्त सह्या झाल्या, तरी कंपनी हलली नाही. होस्ट युरोपात असेल तर इथल्या माणसाने काय करायचं, याला त्या व्यवस्थेत उत्तरच नव्हतं.

‘बॅटलफिल्ड ३’ आला तो या जखमेवर. बॅटललॉगवरचे आक्षेप खरे होते. गेमला मेन्यू नसल्यामुळे माउसची सेन्सिटिव्हिटी किंवा ग्राफिक्स बदलायचं तर आधी सामन्यात शिरावं लागे. आकडे जुळवत असताना पाठीमागून कोणी येऊन मारून जाई. एक सर्व्हर सोडून दुसऱ्यावर जायचं तर गेम पूर्ण बंद होऊन पुन्हा लोड होई. प्लगइन बिघडलं की सगळंच ठप्प. बाजूने बोलणारे म्हणत की वेबसाइट सुधारायला गेमचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) लागत नाही, आणि गेम बंद असतानाही मित्र कुठे खेळतायत ते दिसतं. मला यातलं मोलाचं वाटतं ते वेगळंच. या विचित्र दारामागे यादी शाबूत होती. मॅप, खेळाडूसंख्या, पिंग असे सगळे फिल्टर लावून ६४ जणांचा सर्व्हर आपण निवडू शकत होतो. दार गैरसोयीचं होतं, पण निवड आपली होती. त्या वेळी दाराच्या रागात हे फार कमी जणांनी नीट तोलून पाहिलं.

बॅटललॉग ‘बॅटलफिल्ड ४’ आणि ‘बॅटलफिल्ड हार्डलाइन’पर्यंत टिकला. २०१५मध्ये क्रोमने जुन्या पद्धतीची प्लगइन्सच बंद केली आणि २०१६च्या ‘बॅटलफिल्ड १’मध्ये मेन्यू गेममध्ये परतला. दाराचा वाद तिथे मिटला. यादीचा मात्र नाही: २०२१च्या ‘बॅटलफिल्ड २०४२’मध्ये नेहमीच्या मोठ्या सामन्यांसाठी यादीच नव्हती, आणि ऑक्टोबर २०२५च्या ‘बॅटलफिल्ड ६’मध्येही ती ‘पोर्टल’ या, खेळाडूंनी स्वतः रचलेल्या सामन्यांच्या विभागापुरती ठेवली. आज खेळाडू भांडतायत ते यावरून.

दरम्यान आपल्याकडचा भूगोल बदलला. २०१६मध्ये ॲमेझॉनने क्लाउडचा (भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरचा) मुंबई विभाग सुरू केला. नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. माझा भाचा तिथून जवळच, घणसोलीला राहतो आणि मोबाइलवर खेळतो. ‘मामा, यादी कशाला हवी? स्टार्ट दाबायचं, वीस-तीस पिंग मिळतो,’ असं तो म्हणतो, आणि पिंगपुरतं त्याचं बरोबर आहे. मग मी त्याला विचारलं, काल ज्यांच्याशी खेळलास त्यातले किती जण आज भेटले? त्याने आठवून पाहिलं. एकही नाही. आमच्या फेव्हरिट्समधल्या एका सर्व्हरवर दर रविवारी रात्री तीच वीसेक नावं असायची. त्यातला एक जण नेरुळचा निघाला, आणि आजही आमची भेट होते.