बसूनची तिरपी छिद्रे

पाश्चात्त्य वाद्यवृंदात वादकाच्या अंगासमोरून तिरके जाणारे आणि त्याच्या डोक्याच्याही वर निघालेले लाकडी वाद्य म्हणजे बसून. त्याची उंची सुमारे १.३४ मीटर असली, तरी आतली नळी जवळजवळ अडीच मीटर लांब असते. ती तळाशी वळून पुन्हा वर येते. एवढी लांबी हवीच, कारण त्याचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे ५८ कंपनांचा आहे आणि असा खर्ज उमटायला हवेचा स्तंभही तितकाच लांब लागतो.

बोरूसारख्या उंच गवताच्या, एकमेकींवर बांधलेल्या दोन पत्त्या ओठांत धरून वादक फुंकतो. आपल्या सनईचीही हीच रीत आहे, आणि दोन्ही वाद्यांची नळी पत्तीकडून दुसऱ्या, उघड्या टोकाकडे रुंदावत जाते. अशा शंक्वाकृती नळीत फुंकर बदलली, की कंपनसंख्या दुप्पट होऊन वरच्या सप्तकातला तोच स्वर लागतो. क्लॅरिनेटची नळी मात्र सरळ दंडगोल असल्याने तिथे कंपनसंख्या तिप्पट होते, म्हणजे षड्जावरून एकदम वरच्या सप्तकातला पंचम ऐकू येतो.

अडचण हाताची आहे. ध्वनिशास्त्राच्या हिशेबाने छिद्रे जिथे हवीत, तिथवर माणसाची बोटे ताणली जात नाहीत. म्हणून जुन्या कारागिरांनी त्या भागातले लाकूड मुद्दाम जाड ठेवले आणि छिद्रे तिरपी पाडली. ती बाहेरून बोटांच्या टप्प्यात जवळजवळ असतात, पण आत नळीला एकमेकींपासून दूर जाऊन मिळतात. मला ही युक्ती वाद्यनिर्मितीतल्या सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते, कारण तिच्यामुळे आवाजही घडला. छिद्र अरुंद आणि लांब असले, की ते उघडूनही नळी तिथे पूर्णपणे संपत नाही; जास्त कंपनसंख्येच्या लहरी ते ओलांडून पुढच्या नळीत शिरतात. बसूनचा सौम्य, किंचित झाकलेला स्वर काही अंशी याचाच परिणाम आहे.

त्यात आणखी एक विशेष असा, की कोणताही स्वर वाजवला तरी ५०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५०० कंपनांच्या आसपासचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) ठळक उमटतात. सर्वांत खालच्या स्वरात मूळ ५८ कंपने अगदी क्षीण असून त्याचे आठवे-नववे उपस्वर जोरदार असतात, आणि त्यांच्यातील अंतरावरून आपला मेंदू तो खर्ज ओळखतो. याच पट्ट्यात माणसाच्या ‘ओ’ या उच्चाराचाही जोर असल्याने बसून गात असल्यासारखा वाटतो.

बासरीची छिद्रे शास्त्रशुद्ध जागी आणणाऱ्या थेओबाल्ट ब्योम यांच्या तत्त्वावर बसूनही बनवून पाहिला गेला आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात तो मांडला गेला. मात्र त्याची यंत्रणा गुंतागुंतीची होती, ओळखीचा नादही हरपला होता, आणि वादकांनी तो स्वीकारला नाही. याउलट कार्ल आल्मेनरेडर आणि योहान आडाम हेकेल यांनी १८३१ मध्ये जर्मनीत सुरू केलेल्या कारखान्याने तिरपी छिद्रे कायम ठेवून भोवती छिद्रांची उघडझाप करणाऱ्या चाव्या वाढवल्या. त्या परंपरेतल्या आजच्या बसूनवर एकट्या डाव्या अंगठ्याला नऊ-दहा चाव्या सांभाळाव्या लागतात.