कृमी मेला कसा, यावर त्याचं नाव

शेततळ्यातल्या गवत्या (ग्रास कार्प) माशाचं पोट चिरलंय, आतून पांढरी फीत लोंबतेय आणि वर लाल अक्षरांत ‘मासे खाऊ नका’. हा व्हिडिओ मला तीन ग्रुपवर आला. खाली एका काकांनी श्रावणाचं शास्त्रही जोडलं. ती फीत म्हणजे पट्टकृमी (टेपवर्म), आणि श्रावण संपला म्हणून तो मासा सोडून जात नाही, काका! आतडी आपण साफ करताना टाकतोच, मासाही नीट शिजवून खातो. मला बघायचं होतं त्या फितीचं डोकं. नेमकं तेच दिसत नव्हतं.

गवत्याच्या आतड्यात पहिला संशय आशियाई पट्टकृमीचा. जपानमध्ये कृमितज्ज्ञ यामागुती यांनी १९३४ साली त्याचं वर्णन केलं. पुढे गवत्याच्या पिल्लांबरोबर तो जगभर पोचला. डोकं पत्त्यातल्या बदामासारखं, दोन बाजूंना दोन खोल खाचा. फीत आतड्याबाहेर, पोटाच्या पोकळीत असेल तर बहुधा लिगुला, दुसरा एक पट्टकृमी. तो अजून पोरवयातला असतो, वयात येतो पाणपक्ष्याच्या पोटात.

आता खरी गंमत. जिवंत पट्टकृमी गांडुळासारखा आखडतो, लांबतो. घटकेत डोकं गोल, घटकेत टोकदार. थंड फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रवात) टाकला तर आखडूनच मरतो. काचांमध्ये दाबला तर भलताच रुंद होतो. मासा मरून काही तास झाले की कृमीची कातडीच झडू लागते. म्हणून ताज्या माशातून काढून, मिठाच्या सौम्य पाण्यात धुऊन, त्यावर उकळीला आलेलं चार टक्के फॉर्मॅलिन ओततात. क्षणात मरतो, तोही ताणलेला. (घरी करू नका, वाफेनं डोळे जळतात.) मग कार्माइनच्या लाल रंगात बुडवला की ज्यांवरून जात ओळखतात ती वृषणं, अंडाशय, पीतक (अंड्याचा बलक बनवणाऱ्या) ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतात. एक तुकडा आधीच अल्कोहोलमध्ये ठेवायचा, कारण फॉर्मॅलिन डीएनएची वाट लावतं.

हे न पाळल्याचा परिणाम मागुरात दिसला. या माशातल्या खंडविरहित (शरीराचे तुकडे न पडलेल्या) पट्टकृमींना पन्नासहून अधिक नावं मिळाली होती. २०११ च्या फेरतपासणीत जाती टिकल्या आठ! बऱ्याच ‘नव्या’ जाती म्हणजे आखडलेले, कुजलेले जुनेच नमुने. मराठवाड्यातही मरळ-वाममधल्या कृमींना पैठण, औरंगाबादची नावं लागली. त्यांतल्या कित्येकांवर आज प्रश्नचिन्ह आहे.

व्हिडिओवाल्याला मी निरोप धाडला, कृमी ठेवलाय का? ठेवला होता, फ्रीजरमध्ये, माशासकट, आठवडाभर.