संत्रा बगीचा पर्यटन (विदर्भ)

संत्र्याच्या तोडीच्या दिवसांत बगीच्यात जाऊन झाडाखाली बसून फळ खायचे, शेतातच जेवायचे आणि निघताना पेटीभर माल गाडीत टाकायचा, याला विदर्भात अलीकडे संत्रा पर्यटन म्हणतात. सोयऱ्याधायऱ्यांना तोडीला बोलावण्याची रीत जुनीच आहे. नवे आहे ते पाहुण्याकडून पैसे घेणे. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानंतर अशा शेतांना रीतसर नोंदणीही करता येते. नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, कळमेश्वर, अमरावतीतील वरूड, मोर्शी, चांदूर बाजार आणि वर्ध्यातील कारंजा (घाडगे), आष्टी हा या पिकाचा मुख्य पट्टा. कलमांसाठी वरूडजवळच्या शेंदूरजनाघाटाचे नाव घेतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजींनी औरंगाबादकडून कलमे आणवली आणि संत्रा इथे रुजला, असे सांगतात. ‘नागपूर संत्रा’ला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१४ साली.

कधी जावे हे बहरावर ठरते. झाड एकदम आणि भरपूर फुलावे म्हणून त्याचे पाणी काही आठवडे तोडतात. याला ताण देणे म्हणतात. डिसेंबरच्या सुमारास ताण देऊन मग पाणी सोडले की जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहर फुटतो. त्याची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतात. मे महिन्यात तापलेल्या जमिनीवर पाऊस पडला की जून-जुलैत फुलतो तो मृग बहर. त्याची तोड फेब्रुवारी-मार्चमध्ये. आंबियाला भर उन्हाळ्यात ओलित लागते, म्हणून विहिरीला पाणी असेल त्यानेच तो धरावा. ज्याची विहीर तळ दाखवते तो आभाळाकडे बघत मृगावर विसंबतो. गोडीला मृगाचे फळ सरस, पण पाहुणे येतात डिसेंबरात, कारण तेव्हा थंडी असते आणि मुलांना नाताळची सुट्टी असते. फुलोऱ्याच्या दिवसांत मात्र कोणी फिरकत नाही. पांढऱ्या फुलांचा तो वास बगीच्याच्या बाहेर बांधापर्यंत येतो. बगीच्यात जाण्याची खरी वेळ तीच, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे.

तोड उजाडताच सुरू होत नाही. दव सुकेपर्यंत मजूर शेकोटीशी बसून राहतात, कारण ओल्या फळाला दाब लागला की सालीतले तेल फुटते आणि दोन दिवसांनी तिथे तपकिरी डाग उठतो. दुसरी अडचण सालीचीच. नागपुरी संत्र्याची साल सैल, गराला न चिकटणारी. शहरातला पाहुणा फळ धरून सरळ ओढतो; देठ फांदीवर राहतो, सालीचा टिकलीएवढा तुकडा त्याच्याबरोबर जातो आणि फळाला वर भोक पडते. असे फळ त्याच दिवशी खाल्ले तर ठीक, पेटीत गेले तर शेजारची चार नासवते. सरावलेला हात फळाला पीळ देऊन तोडतो. जाणकार कात्रीने, देठ फळालगत कापायला सांगतात. ‘तुम्हीच तोडा, तुम्हीच खा’ असा फलक लावणारा शेतकरी पाहुण्यांसाठी बांधाकडची दोन ओळी झाडे वेगळी का ठेवतो, ते यावरून कळावे.

नाशिकच्या द्राक्षमळ्यांशी या पर्यटनाची तुलना हमखास होते. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर तिथे वायनरींना बळ मिळाले, आणि जानेवारी ते मार्चच्या खुडणीला लोक मुद्दाम जाऊ लागले. पण तिथे पाहुण्याला बाटली विकता येते, आणि फळ संपले तरी बाटली वर्षभर असते. संत्र्याचे तसे नाही. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की लिमोनिन या कडू द्रव्यामुळे कडवट होतो, शिवाय फळात बिया. त्यामुळे ताजे फळ हाच त्याचा खरा धंदा राहिला. संत्रा बर्फी नागपुरात मिळते, बगीच्यात नव्हे. वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदीच आहे, तेव्हा तिथे वाइन चाखायला देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

याहून मोठी अडचण मालकीची. पुष्कळ बगीच्यांचा सौदा फळ झाडावर असतानाच होतो. व्यापारी इसार देतो, तोडीची माणसे त्याची, गाडी त्याची, राखणही बहुधा त्याचीच. म्हणजे ऐन हंगामात झाड शेतकऱ्याचे आणि फळ दुसऱ्याचे. पाहुण्याने हौसेने तोडलेले संत्रे नेमके कोणाचे, यावर बांधावर बोलाचाली होतात. ज्यांनी पर्यटन नेटाने चालवले त्यांनी निदान काही झाडे सौद्यातून बाहेर ठेवली आहेत.

जेवण मात्र निर्विवाद. जाडसर कणकेचे, पदर देऊन वळलेले रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकून फोडतात आणि तुपात बुडवतात. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. फळापेक्षा रोडग्यांसाठी आलेले लोकही असतात.

खोडे कंबरभर उंचीपर्यंत निळसर का रंगवलेली, असे पाहुणे हटकून विचारतात. तो रंग नव्हे, मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट. डिंक्या रोगापासून खोड राखायला पावसाळ्याच्या आधी आणि नंतर लावतात. फ्रान्समधील बोर्डोच्या द्राक्षमळ्यांत रस्त्याकडच्या वेलींवर हेच मिश्रण शिंपडत, ते वाटसरूंनी द्राक्षे तोडून खाऊ नयेत म्हणून. त्याच वेलींवर केवडा रोग कमी दिसतो, हे १८८० च्या दशकात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले.