कॉलेजात लैंगिक छळ किंवा भेदभाव झाला, तर तक्रार कुठे आणि कशी द्यायची

लैंगिक छळाची तक्रार थेट अंतर्गत तक्रार समितीकडे द्यावी. जुने लोक तिला अजूनही ‘विशाखा समिती’ म्हणतात. महिला विकास कक्ष वेगळा. चौकशीचे कायदेशीर अधिकार या समितीलाच आहेत. विभागप्रमुखांना नुसतं तोंडी सांगितलं, की ‘बघतो, बोलतो त्यांच्याशी’ यात आठवडे निघून जातात आणि मुदत मात्र चालूच राहते.

मुदत घटनेपासून तीन महिने; त्रास पुन्हापुन्हा झाला असेल तर शेवटच्या प्रसंगापासून. समिती लेखी कारण नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. म्हणून उशीर झाला असेल तर भीती, धमकी, आजारपण, जे असेल ते अर्जातच लिहा.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) लैंगिक छळाबाबतच्या २०१५ च्या विनियमांत प्रवेशाच्या प्रक्रियेत असलेली मुलगीही विद्यार्थिनीच धरली आहे. वसतिगृह, कॉलेजची बस, सहल, इंटर्नशिपची जागा हे सगळं ‘परिसरा’त येतं. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांवरच्या लिंगाधारित हिंसेचीही संस्थेने दखल घ्यायची आहे.

अर्ज साध्या कागदावर चालतो. ‘सर नेहमी त्रास देतात’ एवढ्याने चौकशी उभी राहत नाही. ‘१४ ऑगस्टला दुपारी साडेतीनला, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, जर्नल तपासताना’ असं लिहा. बोललेले शब्द घाणेरडे असले तरी जसेच्या तसे लिहा. सोबत साक्षीदारांची नावं-पत्ते आणि पुरावे जोडा. सहा प्रती काढा आणि सातवी स्वतःसाठी ठेवा. तिच्यावर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. पोच नसेल तर अर्ज कधी दिला हे सिद्ध करणं अवघड जातं. चॅटचे स्क्रीनशॉट द्या, पण मोबाइलमधलं मूळ संभाषण पुसू नका. लिहिणं जमत नसेल तर समितीच्या सदस्याने मदत करायची आहे, तो तुमचा हक्क आहे.

पुढे समिती ७ दिवसांत प्रत समोरच्याला पाठवते, त्याने १० दिवसांत उत्तर द्यायचं, चौकशी ९० दिवसांत संपवायची. प्रकरणात विद्यार्थी असतील तर समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी लागतात. कुलसचिव, विभागप्रमुख अशा वरिष्ठ पदावरची व्यक्ती सदस्य असेल तर लेखी हरकत घ्या. ज्या शिक्षकाविरुद्ध तक्रार आहे तोच तुमचे पेपर तपासणार असेल, तर त्याला मूल्यमापनापासून दूर ठेवण्याची मागणी पहिल्याच दिवशी करा. समेट फक्त तुमच्या इच्छेने होतो आणि पैशाच्या बदल्यात तर नाहीच. पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

जात, धर्म, भाषा, अपंगत्व यांवरून भेदभाव झाला असेल तर यूजीसीच्याच २०१२ च्या समता विनियमांनुसार भेदभाव प्रतिबंधक अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा. निर्णयाची मुदत ६० दिवस. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला चारचौघांत जातिवाचक शिवीगाळ झाली असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली पोलिसांकडे जाता येतं.

समितीकडे तक्रार दिली म्हणून पोलिसांचा रस्ता बंद होत नाही, दोन्ही एकाच वेळी चालतात. ठाण्याची हद्द नाही म्हणून परत पाठवलं तर ‘झिरो एफआयआर’ (हद्द कुठलीही असली तरी नोंदवायचा गुन्हा) मागा. एफआयआरची प्रत मोफत मिळते. मुलगी अठराच्या आतली असेल, आणि अकरावी-बारावीच्या वर्गात ती असतेच, तर पॉक्सो (बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) लागू होतो. मग कॉलेजने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.