मत्स्यालयाचा बॅटरीवरील राखीव वीजपुरवठा

घरातील शोभिवंत माशांच्या टाकीतले पाणी वीज गेल्यावरही हलते राहावे, म्हणून बॅटरीच्या साहाय्याने केलेली सोय. तिच्यात बॅटरी, चार्जर, वीज जाताच पुरवठा बॅटरीकडे वळविणारी यंत्रणा आणि कमी वॉटचा एअर पंप किंवा छोटा जलपंप एवढे घटक असतात. संपूर्ण टाकी नेहमीप्रमाणे चालू ठेवणे हा तिचा हेतू नसतो. दिवे व मोठा फिल्टर काही तास बंद राहिले तरी मासे सहसा तग धरतात. पाण्याचा पृष्ठभाग मात्र फार वेळ निश्चल राहून चालत नाही. बॅटरी केवढी हवी, या प्रश्नाचा विचार येथून सुरू केला, तर लागणारी वीज अगदी थोडी निघते.

पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो आणि तापमान वाढेल तसा आणखी कमी विरघळतो. हवेशी पूर्ण संपर्क असलेल्या गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना तो जेमतेम ६.७ मिलिग्रॅम भरतो. हा साठा हवेतून पृष्ठभागावाटे सतत भरून निघावा लागतो. स्थिर पाण्यात ऑक्सिजनचे रेणू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतात, त्यामुळे वरचा पातळ थर ऑक्सिजनने भरलेला असला तरी तळाशी त्याची चणचण भासू शकते. एअर स्टोनमधून, म्हणजे हवेच्या नळीच्या टोकाला बसविलेल्या सच्छिद्र दगडातून निघणारे बुडबुडे पाण्याला ऑक्सिजन देतात असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बुडबुडा पाण्यात एखाद-दुसरा सेकंदच राहतो; त्याचे खरे काम तळाचे पाणी वर खेचून पृष्ठभाग ढवळण्याचे असते. म्हणूनच दीड-दोन वॉटचा पंप जे साधतो, ते बंद पडलेल्या टाकीवर शंभर वॉटचा दिवा लावून साधत नाही.

वीज गेल्यावर हाताशी किती वेळ असतो, हे टाकीपरत्वे बदलते. झाडे भरपूर आणि मासे मोजके असलेली मोठी टाकी दिवसा बराच वेळ निभावून नेते. याउलट माशांची दाटी झालेली, नुकतेच खाद्य घातलेली, मे महिन्यात ३०-३१ अंशांपर्यंत तापलेली टाकी दोन-तीन तासांतच संकटात येऊ शकते. टाकीच्या आकारात पृष्ठभागाचा विस्तार पाहावा. उंच व अरुंद टाकीपेक्षा तेवढ्याच पाण्याची पसरट टाकी अधिक सुरक्षित असते. रात्री झाडेदेखील ऑक्सिजन घेत असल्यामुळे हिरवीगार टाकी पहाटेच्या वेळी सर्वांत नाजूक अवस्थेत असते. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या टाकीत सोलेनॉइड झडप (विजेने उघडी राहणारी झडप) असेल, तर ती वीज जाताच मिटते; केवळ हाताच्या झडपेवर चालणारा सिलिंडर मात्र वीज नसतानाही वायू सोडत राहतो व धोका वाढवितो. फायटर आणि गुरामी या माशांच्या डोक्यात हवेतील ऑक्सिजन घेणारे चक्रव्यूही इंद्रिय असते, त्यामुळे ते इतरांपेक्षा अधिक काळ टिकतात. उबदार पाण्यात ठेवावे लागणारे डिस्कस आणि एकेकाळी छोट्या भांड्यात कोंबले जाणारे गोल्डफिश यांच्याबाबत विशेष दक्षता घ्यावी लागते. मासे वर येऊन पृष्ठभागाशी तोंडाची उघडझाप करू लागले आणि कल्ल्यांची हालचाल वेगाने होऊ लागली, की ऑक्सिजन घटल्याचे निश्चित समजावे.

दुसरा, काहीसा उशिरा जाणवणारा प्रश्न फिल्टरमधील जीवाणूंचा असतो. माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जीवाणूंनाही ऑक्सिजन लागतो. बंद डब्यासारख्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये पाणी थांबले, की आतला ऑक्सिजन काही तासांत संपतो, उपयुक्त जीवाणू मरू लागतात आणि साचलेला गाळ कुजू लागतो. साध्या स्पंज फिल्टरमध्ये असे घडत नाही, कारण तो टाकीतच उघडा असतो आणि एअर पंपाच्या हवेवर चालतो. एकाच पंपाने पृष्ठभाग हलतो आणि जीवाणूही जगतात. मुख्य फिल्टर कोणताही असला, तरी टाकीच्या एका कोपऱ्यात स्पंज फिल्टर कायमचा चालू ठेवावा आणि बॅटरी त्याच्याच पंपाला जोडावी. कमी खर्चात याहून चांगली व्यवस्था क्वचितच होते.

बाजारात मिळणारा सर्वांत जुना प्रकार म्हणजे दोन मोठ्या सेलांवर चालणारा एअर पंप. गळाने मासेमारी करणारे लोक आमिषाचे मासे बादलीत जिवंत ठेवण्यासाठी तो वापरत आले आहेत. त्याचा एक सुधारित नमुना भिंतीवरील सॉकेटमध्ये लावून ठेवतात आणि वीज जाताच तो आपोआप सुरू होतो. यूएसबीवर चालणारे ५ व्होल्टचे एअर पंप स्वस्त असून कोणत्याही पॉवर बँकेवर चालतात. १०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ३७ वॉट-तास (एक वॉटचे उपकरण तासभर चालविणारी वीज म्हणजे एक वॉट-तास). व्होल्टता वाढविताना होणारी घट वजा जाता सुमारे ३० वॉट-तास हाती लागतात आणि दीड वॉटचा पंप त्यावर २० तास चालतो. तथापि अनेक पॉवर बँका अगदी थोडा विद्युत् प्रवाह खेचला जात असल्यास ‘फोन भरून झाला’ असे समजून स्वतःहून बंद होतात. खरेदीनंतर पंप जोडून एक पूर्ण रात्र निरीक्षण केल्याशिवाय अशा बँकेवर विसंबू नये. अलीकडे इंटरनेटच्या राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस या कामी चांगला ठरतो, कारण तो सतत जोडलेला राहण्यासाठीच बनविलेला असतो आणि वीज गेल्याक्षणी बॅटरीवर येतो. १२ व्होल्टचा डीसी एअर पंप त्याला थेट जोडता येतो. मात्र पिनच्या ध्रुवांची दिशा आधी तपासावी.

घरात इन्व्हर्टर असेल, तर टाकीचा सॉकेट त्याच्या वायरिंगवर घेणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या ट्यूब्युलर बॅटरीत नाममात्र १,८०० वॉट-तास असतात. तीतून पंख्या-दिव्यांखेरीज ४ वॉटचा पंप चालविणे हा नगण्य भार आहे. विजेच्या साध्या एअर पंपात विद्युत्‌चुंबकामुळे कंप पावणारी पट्टी रबरी पडदा हलवीत असते आणि ती ५० हर्ट्झच्या साइन लहरीसाठी आखलेली असते. चौरस लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर असा पंप घरघरतो व तापतो, म्हणून साइन लहरीचा इन्व्हर्टर श्रेयस्कर.

छोट्या बॅटरीच्या बाबतीत मात्र इन्व्हर्टर टाळावा. ७ अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरीत ८४ वॉट-तास असतात आणि तिचे आयुष्य राखण्यासाठी त्यांतील निम्मेच, म्हणजे ४२ वॉट-तास वापरावेत. २ वॉटचा डीसी पंप थेट जोडल्यास ही बॅटरी २१ तास पुरते. तीच बॅटरी छोट्या इन्व्हर्टरमार्गे ४ वॉटच्या एसी पंपाला जोडली आणि इन्व्हर्टरने स्वतःसाठी ८ वॉट घेतले, तर साडेतीन तासांत ती निम्म्यावर येते. बहुतांश वीज पंपापर्यंत पोहोचतच नाही. संगणकाच्या यूपीएसचीही हीच अडचण असते. काही मिनिटांत संगणक नीट बंद करता यावा एवढ्यासाठीच तो घडविलेला असतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग असली तरी तिची ८० टक्के क्षमता निर्धास्तपणे वापरता येते, वजन कमी असते आणि भरण्या-रिकामे होण्याची आवर्तने शिसे-आम्ल बॅटरीच्या कित्येक पट मिळतात.

पुरवठा आपोआप वळविण्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सची थोडी आवड असलेले हौशी लोक रिले, म्हणजे विद्युत्‌चुंबकाने चालणारा स्विच वापरतात. भिंतीवरील १२ व्होल्टचा अडॅप्टर रिलेचे वेटोळे चुंबकित ठेवतो, तोवर बॅटरीचा मार्ग तुटलेला राहतो. वीज जाताच वेटोळे सुटते आणि पंप बॅटरीला जोडला जातो. बॅटरीला सुमारे १३.५ ते १३.८ व्होल्टचा स्थिर चार्जर कायम लावलेला असतो. हे स्वयंचलन चैन नव्हे, कारण मासे दगावण्याचे प्रसंग मुख्यतः माणसे कामावर, गावी किंवा झोपेत असतानाचे असतात.

हीटरचा भार बॅटरीवर टाकू नये. १०० लिटर पाण्याचे तापमान १ अंशाने वाढविण्यास सुमारे ११६ वॉट-तास लागतात, म्हणजे वर सांगितलेली छोटी बॅटरी संपूर्ण रिकामी करूनही पाणी पुरते एका अंशानेही तापत नाही. कोकणात व मुंबईत हीटरची गरज क्वचितच भासते. नाशिक जिल्ह्यातील निफाड किंवा विदर्भ येथील थंडीच्या रात्री वीज गेल्यास टाकीला तिन्ही बाजूंनी गोधडी गुंडाळावी आणि वरची बाजू हवेसाठी मोकळी ठेवावी. शंभर लिटर पाणी फार सावकाश निवते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात गोठविणाऱ्या थंडीत दिवसेंदिवस वीज नव्हती, अशा ठिकाणी जनित्राखेरीज इलाज उरत नाही.

महाराष्ट्रात किती तासांची तरतूद करावी, हे ठिकाणावर अवलंबून आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागाने रोजचे दीर्घ भारनियमन सोसले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथील पुरवठा एकाएकी कोलमडला आणि एरवी वीज न जाणाऱ्या शहरातील घरांत कोणतीच तयारी नव्हती. त्याच वर्षी ३ जून रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गावांत वीज परतण्यास कित्येक दिवस लागले. शहरासाठी ८ ते १२ तासांची सोय बहुधा पुरेशी होते. किनारपट्टीवर मात्र दोन दिवसांचा हिशेब धरावा आणि दिवसा बॅटरी भरण्यासाठी छोटे सौर पॅनेल किंवा मोटारीतील १२ व्होल्टचा सॉकेट हाताशी ठेवावा. बॅटरी पुरवून वापरायची असल्यास पंप थांबून थांबून चालवावा. काहीच साधन नसेल तेव्हा तांब्याने टाकीतले पाणी घेऊन वीतभर उंचीवरून पुन्हा ओतत राहणे हाही खरा उपाय आहे. या काळात खाद्य देऊ नये. प्रौढ मासे दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतात आणि न खाल्लेले अन्न कुजून ऑक्सिजन खाते.

पंप थांबताच टाकीतले पाणी हवेच्या नळीतून उलटे खाली येऊ शकते, म्हणून पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा किंवा नळीत एकमार्गी झडप बसवावी. टाकीखाली संप, म्हणजे पाणी गाळण्यासाठीची दुसरी टाकी असलेल्या समुद्री मत्स्यालयात पंप बंद पडल्यावर परतीच्या नळीतून ओघळणारे पाणी मावेल एवढी जागा संपमध्ये रिकामी राखावी लागते. बॅटरीच्या धन अग्राजवळ फ्यूज असावा आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे थेंब तेथूनच गळून पडतात. शिसे-आम्ल बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो. ती टाकीखालच्या बंद कपाटात ठेवू नये.

वीज परत आल्यावर कॅनिस्टर फिल्टर कित्येक तास बंद राहिला असेल, तर तो तसाच सुरू करू नये. आतले दुर्गंधीयुक्त पाणी फेकून, स्पंज व इतर माध्यम टाकीच्याच पाण्यात हलके खंगाळून मग तो जोडावा आणि पुढील काही दिवस अमोनिया तपासावा. बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षे टिकते, उष्ण खोलीत त्याहून कमी. तिच्यावर बसविल्याची तारीख लिहून ठेवावी आणि महिन्यातून एकदा भिंतीवरील बटण बंद करून पंप तासभर बॅटरीवर चालतो का, हे पाहावे.