हस्तधारी मागणी-नोंद यंत्र

मालाची मागणी छापील पत्रकावर न लिहिता जागेवरच अंकीय रूपात टिपून पुढे पाठविणारे, हातात मावणारे इलेक्ट्रॉनिक साधन. घाऊक वितरण, किरकोळ दुकाने, फिरती विक्री व उपाहारगृहे यांत ते वापरतात. व्यवहारात त्याला ‘हँडहेल्ड’ म्हणतात.

आरंभाविषयी एकमत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतील किराणा व्यवसायात एमएसआय डेटा, टेलझॉन इ. कंपन्यांची सुटसुटीत नोंदयंत्रे आली. फळीपुढे उभे राहून वस्तूचा क्रमांक व नग दाबायचे, मग साठलेली मागणी दूरध्वनीवरून पाठवायची, अशी रीत होती. पावती व बिल मात्र कागदीच राहिल्याने काही जण खरा आरंभ सु. १९८६ मध्ये मानतात. त्या सुमारास फ्रिटो-ले या अमेरिकी खाद्यपदार्थ कंपनीने आपल्या सु. १०,००० फिरत्या विक्रेत्यांना अशी यंत्रे दिली. तथापि पत्रकावरचा मजकूर कार्यालयात पुन्हा उतरविणे केव्हा थांबले, ही कसोटी लावल्यास १९७० च्या दशकात आरंभ मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

जुन्या ध्वनियुग्मकाचा (दूरध्वनीच्या हातधरणीला लावून माहिती ध्वनिरूपात पाठविणाऱ्या साधनाचा) वेग सामान्यतः सेकंदाला ३०० बिट, म्हणजे सु. ३० अक्षरे असे. प्रत्येकी १२ अक्षरांच्या २०० ओळी पाठविण्यास सु. ८० सेकंद लागत. एवढ्या वेळात दूरध्वनीवर खरखर झाली, तर आकडे बिघडत. म्हणून वस्तुक्रमांकाला तपासणी-अंक जोडत. तेरा अंकी ईएएन संकेतांकात (वस्तूच्या वेष्टनावरील बारकोडखालच्या क्रमांकात) अंकांना आळीपाळीने १ व ३ ने गुणून बेरीज करतात. शेवटचा अंक असा निवडतात की एकूण बेरजेला १० ने पूर्ण भाग जावा. एखादा अंक चुकल्यास तो हमखास उघड होतो. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही बहुधा सापडते, पण त्यांतील फरक ५ असल्यास (उदा., २७ ऐवजी ७२) सापडत नाही. नगसंख्येला तर असे संरक्षणच नाही: १२ ऐवजी २१ दाबले, तर यंत्र ते निमूटपणे स्वीकारते. लिखित पत्रकातील खाडाखोड निदान दिसे तरी.

८०२.११ हे बिनतारी संपर्काचे (वाय-फायचे) मानक १९९७ मध्ये आले. पुढे मागणी तत्क्षणी पोहोचू लागली. संपर्क तुटल्यास ती यंत्रातच थांबते. अशा वेळी तोच शिल्लक माल दोन विक्रेत्यांकडून दोघांना कबूल होऊ शकतो. अलीकडे वेगळ्या यंत्राऐवजी स्मार्टफोनही वापरतात. उपाहारगृहात वाढपी मेजाजवळच नोंद करतो. स्वयंपाकघरात मात्र अनेक ठिकाणी तिची कागदी चिठ्ठीच छापली जाते.