जर्मन लष्करी हातबॉम्ब : ओळख व संग्रह

जर्मन सैन्याने दोन महायुद्धांत वापरलेले हातबॉम्ब आज जुन्या लष्करी वस्तूंच्या संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत दिसतात. या नोंदीत पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरच्या नमुन्यांपासून १९४५ पर्यंतच्या नमुन्यांचा विचार केला आहे.

१९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात ईशान्य चीनमधील पोर्ट आर्थर बंदराच्या वेढ्यात हातबॉम्बांचा प्रभाव दिसला आणि युरोपातील सैन्यांनी त्याची दखल घेतली. जर्मनीने १९१३ मध्ये ओतीव लोखंडाचा गोलाकार बॉम्ब स्वीकारला. त्याच्या पृष्ठभागावर चौकोनी खाचा असून त्याचे वजन सुमारे एक किलो होते. तो मुख्यतः वेढ्याच्या कामातल्या पायोनियर, म्हणजे खंदक-सुरुंगाची कामे करणाऱ्या, तुकड्यांसाठी होता. १९१४ अखेर लढाई खंदकांत अडकली, तशी हातबॉम्बाची गरज प्रत्येक पायदळ सैनिकाला भासू लागली.

त्या गरजेतून १९१५ मध्ये दांड्याचा बॉम्ब आला. जर्मन सैनिकाचे चित्र त्याच्याशिवाय पूर्ण होत नाही, इतकी त्याची ओळख पक्की झाली. ब्रिटिश सैनिक त्याला बटाटे कुस्करायच्या दांड्याचे नाव देत. पत्र्याचे डबीसारखे डोके आणि पोकळ लाकडी दांडा अशी त्याची घडण होती. दांड्यातून एक दोरी जाई आणि तिच्या टोकाला चिनीमातीचा मणी असे. दोरी ओढली की घर्षणाने वात पेटे. दांड्यामुळे फेक लांब जाई. पातळ पत्र्याच्या डोक्यातून तुकडे कमी उडत आणि मुख्य परिणाम स्फोटाच्या धक्क्याचा होई. त्यामुळे चाल करून जाणाऱ्या सैनिकाला तो सोयीचा होता, आणि १९१८ च्या हल्ल्यांत जर्मन धडक तुकड्या तो पिशव्या भरून नेत.

ओळख पटवताना पहिली नजर डोक्याच्या बाजूकडे जावी. पहिल्या महायुद्धातील दांडाबॉम्बाला तिथे कमरपट्ट्यात अडकवायचा आकडा असतो. दांड्यावर वात जळण्याचा वेळ, उदाहरणार्थ साडेपाच सेकंद, ठशाने उमटवलेला आढळतो. १९२४ च्या नमुन्याला आकडा नाही. हा नमुना सुमारे ३५६ मिलिमीटर लांब आणि सुमारे ६०० ग्रॅम वजनाचा असून वात साधारण साडेचार सेकंदांची असे. डोक्यावर पांढऱ्या रंगात जर्मन सूचना असते : वापरण्यापूर्वी स्फोटक टोपी (मुख्य दारू उडवणारी छोटी नळी) बसवा. शस्त्रखात्याच्या तपासणीचा गरुडाचा शिक्का, निर्मात्याचे नाव किंवा संकेताक्षरे आणि वर्ष हेही पाहावे. १९४३ च्या नमुन्यात दांडा भरीव झाला आणि पेटवणी डोक्याच्या वरच्या टोकाला गेली, म्हणून तो दांडा काढूनही फेकता येई. तुकड्यांचा मारा हवा असेल तेव्हा डोक्यावर लोखंडी कडे चढवत. अशी मूळ कडी संग्राहक जपून ठेवतात.

अंड्याच्या आकाराचे दोन नमुने आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये. १९१७ चा बॉम्ब ओतीव लोखंडाचा, लहान आणि हाताला जड लागणारा आहे. १९३९ चा बॉम्ब पत्र्याच्या दोन अर्ध्या भागांचा असून जोडाची रेघ स्पष्ट दिसते. त्याच्या माथ्यावरील टोपीचा रंग वातेचा कालावधी सांगे. नेहमीच्या साडेचार सेकंदांच्या वातेसाठी ती निळी असे. १९१५ चा चपटा, चकतीसारखा बॉम्ब आदळल्यावर फुटे.

सरावाचे दांडाबॉम्ब लाल रंगाचे व डोक्याला भोके असलेले असतात. धुराच्या बॉम्बावर पांढरा पट्टा असतो, आणि अंधारात हाताला कळावे म्हणून काहींच्या दांड्यावर खाचा असतात. जर्मन पद्धतीचे दांडाबॉम्ब चीनमध्येही मोठ्या प्रमाणावर बनले आणि आज ते जर्मन म्हणून विकले जातात. आणखी मोठा त्रास नकलांचा आहे. नव्या लाकडाला काळा रंग देतात, पत्र्याला मुद्दाम गंज चढवतात आणि त्यावर शिक्के मारतात. केवळ शिक्क्यावर विसंबू नये, कारण सर्वांत सोपी नक्कल त्याचीच होते. रंग, गंज, दांड्याची झीज आणि धातूची घडण एकमेकांशी जुळतात का, हे आधी तपासावे.

पण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तो अस्सल आहे का हा नसून रिकामा आहे का हा आहे. शंभर वर्षे मातीत राहिलेला दारूगोळाही फुटू शकतो. बेल्जियम व फ्रान्सच्या शेतांत नांगराला लागणाऱ्या अशा ऐवजाला लोखंडी पीक म्हणतात, आणि तो उचलण्यासाठी तिथे निकामीकरण पथके आजही काम करतात. संग्रहात फक्त अधिकृतपणे निकामी केलेला आणि तशी कागदपत्रे असलेला नमुनाच ठेवावा. वजन, आवाज किंवा गंज पाहून खात्री करता येत नाही, आणि झाकण उघडून पाहणे जिवावर बेतू शकते.

मराठी सैनिकांचा जर्मन सैन्याशी सामना इटलीतही झाला. १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी जर्मन मशिनगनच्या ठाण्यावर एकट्याने धाव घेतली आणि हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली. तिथेच ते धारातीर्थी पडले, आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

भारतात स्फोटकांविषयी १८८४ व १९०८ चे कायदे आणि १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहेत. जुन्या घरात किंवा भंगारात असा नग सापडल्यास तो हलवू नये, लोकांना दूर ठेवावे आणि लगेच पोलिसांना कळवावे.